तीन गुणांचा बाप

मित्रांनो, मी एक जुनं गाईड आहे. दहावीच्या इंग्रजीचं. माझं कव्हर गुलाबी होतं, आता त्याचा रंग नीट सांगता येणार नाही. कव्हरवर ‘हमखास यश’ असं छापलं आहे. ते मी लिहिलेलं नाही, पण माझ्या अंगावर असल्यामुळे त्याची जबाबदारी माझ्यावर येते.

माझा जन्म गोरेगावच्या एका छापखान्यात झाला. तिथून मी चारकोपच्या एका स्टेशनरीच्या दुकानात आलो आणि शॅरन नावाच्या मुलीने मला विकत घेतलं. शॅरन हुशार आणि हिशेबी होती. ती पाठ वाचतच नसे. आधी प्रश्न बघायची, मग माझं उत्तर पाठ करायची. शाळेत मला बाकाखाली लपवायची, कारण फ्लेविया टीचरना गाईड दिसलं की त्या भडकत. तरी शॅरनला इंग्रजीत झकास मार्क पडले आणि मी तिच्या गल्लीत प्रसिद्ध झालो. खरं सांगतो, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

पुढे शॅरनने मला शेजारच्या बिल्डिंगमधल्या चेतनाला दिलं. पुस्तक तेच होतं, पाठ तेच होते, टीचरही त्याच. चेतनाचं इंग्रजी मात्र कच्चं होतं. एकेका शब्दापाशी ती अडायची. शॅरन तिला म्हणाली, “जास्त डोकं लावू नको. ह्यातलं छापायचं आणि पास व्हायचं, समजलं ना?”

पुस्तकात एक पाठ होता. डोंगरातल्या गावातली एक मुलगी शिकायला शहरात निघते. सगळं गाव निरोप द्यायला जमतं. बाप तेवढा येत नाही, तो घरामागे लाकडं फोडत राहतो. प्रश्न होता, बापाचा स्वभाव कसा आहे ते लिहा. तीन गुण. माझ्या पोटातलं उत्तर असं होतं, ‘द फादर इज क्रूअल अँड हार्टलेस.’ बाप क्रूर आहे, निष्ठुर आहे, त्याचं मुलीवर प्रेम नाही. चेतनाने ते घोकून पाठ केलं.

त्याच आठवड्यात तिचा मोठा भाऊ सम्यक नोकरीसाठी बंगळुरूला निघाला. त्यांची आई मीराताई डबा भरत होत्या, शेजारी दारात उभे होते. चेतनाचे वडील धोंडिराम स्टुलावर चढून पंखा पुसत होते. सम्यक खालूनच पाया पडला. “हं, नीट जा,” एवढंच ते म्हणाले. रिक्षा गेली. पंखा कधीचा चकचकीत झाला होता, तरी ते स्टुलावरून उतरेनात. मीराताई चिडल्या, “पोरगं चाललं आणि तुम्हाला पंखा सुचला!” धोंडिरामांनी फडका पुन्हा त्याच पात्यावरून फिरवला.

चेतना हे सगळं बघत होती. तिने दप्तरातून पुस्तक काढलं आणि तो पाठ पहिल्यापासून वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मी बाजूला मिटून पडलो होतो.

प्रिलिम झाली. चेतना इंग्रजीत दोन गुणांनी नापास झाली. बापाच्या त्या प्रश्नाला भोपळा होता. शॅरन म्हणाली, “लागली ना वाट? गाईडमधलंच उत्तर लिहायचं होतं यार!”

पालकांना बोलावणं आलं. धोंडिराम कंपनीतून अर्धी सुट्टी घेऊन शाळेत आले. चेतनाच्या दप्तरातून मी अर्धा बाहेर डोकावत होतो. फ्लेविया टीचरनी मला ओढून बाहेर काढलं, ते पान उघडलं आणि म्हणाल्या, “गाईड पण आहे तुझ्याकडे. एवढं साधं उत्तर पाठ झालं नाही?”

“पाठ होतं, टीचर. मुद्दाम नाही लिहिलं.”

“का गं?”

“ते खोटं आहे. त्या बापाचं प्रेम आहे मुलीवर.”

“तुला वाटून काय उपयोग? पाठात कुठे लिहिलंय, दाखव.”

चेतनाने पुस्तक उघडलं. “हे बघा. आदल्या दिवशी आई त्याला म्हणते, आता लाकडं पुरे, पावसाळाभर पुरतील. मग सकाळी तो कशाला फोडतोय? त्याला जाताना बघवत नाहीये तिला.”

टीचरनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्या हा पाठ शिकवत होत्या.

“हे पेपरात का नाही लिहिलंस? नुसतं ‘ही लव्हज हर’ लिहून मार्क कसे देऊ?”

“इंग्रजीत जमलं नाही.”

“बस इथे. लिही. मोडकंतोडकं चालेल, पण ही ओळ आली पाहिजे.”

चेतनाने लिहिलं. टीचरनी दोन गुण दिले, एक व्याकरणाचा कापला. चेतना काठावर पास झाली.

धोंडिराम पुढे सरकले. त्यांनी विचारलं, “टीचर, म्हणजे तो बाप वाईट नाही?”

“नाही,” टीचर म्हणाल्या. “मीच नीट वाचलं नव्हतं.”

शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर धोंडिराम थांबले. “चेतना, सम्यकला फोन लाव गं. मला बोलायचंय.”

त्या दिवशी घरी आल्यावर चेतनाने माझ्या उत्तरावर काट मारली. दुखलं, पण ते उत्तर चुकलंच होतं. शेजारी समासात तिने स्वतःचं उत्तर लिहिलं. त्यातली स्पेलिंगची एक चूक अजून तशीच आहे.

मित्रांनो, आता मी खालच्या मजल्यावरच्या अबोलीकडे आहे. माझी शिवण उसवली आहे, म्हणून मला जरा हळू उघडत जा. पानं दुमडू नका, फाडू तर अजिबात नका. आणि एक विनंती आहे. पाठ आधी वाचा, काय वाटतं ते ठरवा, कुठल्या ओळीमुळे वाटतं ते शोधा. मग माझ्याकडे या. मी कुठे पळून जात नाही.