सैल आणि दाबून

वजनकाट्याच्या काचेवर शेपूची एक काडी चिकटून राहिली होती, आणि खाली आकडा मात्र शून्यच. एव्हान्थियाने ती नखाने खरवडून काढली. वसंत लागल्यापासून हा काटा तिच्या स्वयंपाकघरात होता – म्हणजे भावाच्या खानावळीच्या, पण आईच्या मागे ती त्याला आपलंच म्हणत आली होती... कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

लेफ्टेरिस, हाच तो धाकटा भाऊ, एरवी चुलीकडे न फिरकणारा, यंदा रोज सकाळी स्टूल ओढून तिच्याजवळ बसायला लागला. ती पालक, चुका, कांद्याची पात चिरून निळ्या काठाच्या पातेल्यात भरायची – पातळ पारीत भाजी भरून भाजायच्या पिटाच्या सारणाला आईचंही तेच माप – आणि तो ते काट्यावर चढवायचा. ‘ताई, दाबू नकोस. आधी सैल भर, मग दाबून.’ सैल भरलेल्याचे सहाशे ग्रॅम, दाबलेल्याचे हजाराच्या पुढे, मीठ चोळून पिळलेल्याचे पुन्हा निराळे. हे कशाला रे, असं तिने एकदा विचारलं होतं. ‘तुझ्या हातचं जपून ठेवायचंय,’ तो म्हणाला होता, आणि ती दिवसभर उगाचच हसत राहिली होती. पुढे त्या सकाळींसाठी ती धुतलेला ब्लाउज घालायला लागली. आर्ता गावच्या एका माणसाची गोष्टसुद्धा सांगून टाकली, ज्याला तिने लग्नाला नकार दिला होता, कारण तेव्हा लेफ्टेरिस लहान होता. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. तो ऐकत होता. ‘हं... तीनशे ऐंशी,’ म्हणाला होता.

तीनशे ऐंशी! तेव्हा ते कानावरून गेलं. आज दुपारी मात्र...

दुपारी गावाबाहेरच्या नव्या कारखान्यातला माणूस बंद खोका घेऊन आला. भावजय पोलिक्सेनीने त्यातला पिटा कापला आणि एक तुकडा एव्हान्थियापुढेही सरकवला, जणू तिला सगळं ठाऊकच आहे. तिने तो तोंडात घातला. पारी पातळ, चुक्याचा आंबटपणा नेमका, पात गोड होईतो परतलेली. वाईट असता तर किती बरं झालं असतं – पण तो तिचाच पिटा होता, तिने न लाटलेला, तिने न भाजलेला. घास गिळताना तिला कुणीतरी आपले कपडे घालून समोर बसल्यासारखं वाटलं. तो माणूस सांगत होता, लेफ्टेरिसने दिलेल्या मापांबरहुकूमच केलाय, पुढच्या आठवड्यापासून रोज सकाळी गाडी येईल, इथे फक्त गरम करायचं.

तो गेल्यावर तिने लेफ्टेरिसकडे नुसतं पाहिलं.

‘तुझे गुडघे दुखतात, ताई,’ तो टेबल पुसत म्हणाला. टेबल स्वच्छ होतं.

‘गुडघ्यांनी कधी लाटली होती मी पारी?’

‘तुला आराम मिळावा म्हणूनच ना. तू येऊन बसत जा की बाहेर, गिऱ्हाइकांशी गप्पा मार...’

‘मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं की रे,’ ती म्हणाली. ‘एका सकाळीत सगळं सांगितलं असतं. इतके दिवस माझ्याजवळ कशाला बसलास?’

पोलिक्सेनीने नळ सोडला, बराच वेळ वाहू दिला.

एप्रन न सोडताच ती बाहेर पडली आणि तळ्याकाठच्या बाजाराकडे उतरली. राग आला असता तर चालणं सोपं झालं असतं. पण मनात त्या सकाळीच येत होत्या, एकेक, आणि प्रत्येक सकाळ उलटून पाहावी लागत होती – तो हसला तेव्हा कशाला हसला, पाणी आणून दिलं ते तहान ओळखून की काम थांबू नये म्हणून... आर्ताची गोष्ट तरी परत घेता आली असती तर.

भाजीवाल्या म्हाताऱ्या वासोने नेहमीसारखी पालकाची जुडी पुढे केली. एव्हान्थियाने ती तळहातावर घेतली. असं घेतलं की तिला कळायचं, पानं आज पहाटेची आहेत की कालची, पावसात भिजलीत की नुसती शिंपडलीत. आई गेली त्या दिवशीही हात हे ओळखायला चुकला नव्हता. तिने डोळे मिटले, वाट पाहिली.

दोनशे चाळीस, हात म्हणाला. लेफ्टेरिसच्या आवाजात.