काचेपलीकडची चार पानं

बाइंडरबाईंच्या पत्राला मी चोवीस दिवस उत्तर दिलं नव्हतं. उत्तर सुचत नव्हतं असं नाही. रोज सुचत होतं आणि रोज वेगळं सुचत होतं.

मी ज्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, तिथे बाइंडरबाई फाटकी पुस्तकं शिवायच्या. तळघरात त्यांची खोली होती. खळीचा वास, दोऱ्याची रिळं आणि दाबयंत्राखाली निमूट पडलेली पुस्तकं. मी रोज दुपारी एखादं पुस्तक घेऊन खाली जायचो. पुस्तक फारसं फाटलेलं नसलं तरी जायचो. एकदा तर धडधाकट शब्दकोशच घेऊन गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याला काय झालंय?"

"जरा थकल्यासारखा वाटला," मी म्हणालो.

त्यांनी तो ठेवून घेतला. पुढे त्या निवृत्त झाल्या, दुसऱ्या गावी गेल्या. त्याला नऊ वर्षं झाली.

त्यांचं पत्र आठ ओळींचं होतं. घरमालकाला घर परत हवं आहे. भाची तिच्याकडे राहायला बोलावते आहे, आणि तिला पाच तारखेला काय ते सांगायचं आहे. "तुमच्या गल्लीत घड्याळजीच्या दुकानावरची खोली रिकामी आहे, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. मी तिथे राहायला आले तर तुम्हाला आवडेल का? एका ओळीत कळवा. मी तुम्हाला ओळखते, चार पानं लिहू नका."

फोनचा मार्ग नव्हता. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही.

मी चार पानं लिहिली.

ती पुरी झाली तीन तारखेला दुपारी. दुसऱ्या दिवशी पोस्टाला सुट्टी होती. म्हणजे त्या दिवशीच्या साडेचारच्या टपालगाडीने पत्र गेलं, तरच ते पाचला सकाळी त्यांच्या हातात पडणार होतं. मी ताईला म्हटलं, "मला पोस्टात सोडतेस का? थोडं काम आहे." कसलं काम ते सांगितलं नाही. ताई माझी थोरली बहीण, वय शहात्तर. गाडी तीच चालवते. मला येत नाही. मी शिकायला गेलो होतो, पण वळायचं की नाही हे ठरेपर्यंत वळण मागे जायचं.

त्या गाडीला एक खोड होती. सगळी दारं लागली की मिनिटाभराने ती आपणहून कुलूप लावून घ्यायची. गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं होतं, दुरुस्त करून घ्या. ताई म्हणायची, "बंदच होते ना? आपोआप उघडत तर नाही? मग चोराने तक्रार करावी, आपण कशाला?" आम्ही त्यावर तोडगा काढला होता. ताई जिथे जाईल तिथे वस्तू विसरून येते, म्हणून गाडी थांबली की ती किल्ली माझ्या हातात द्यायची. मी जबाबदार माणूस म्हणून.

पोस्टासमोर गाडी उभी राहिली तेव्हा चारला दहा कमी होते. ताईने किल्ली दिली आणि समोरच्या टेलरमास्तरांकडे परकराचं माप द्यायला गेली. वेळ होता, म्हणून मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिसऱ्या पानावर "कदाचित" होतं ते खोडून "बहुधा" केलं. शाई ओली होती. ती वाळावी म्हणून चारही पानं काचेखालच्या फळीवर ओळीने मांडली आणि तोवर सोबत आणलेलं पुस्तक उघडलं. वाचता वाचता मनात आलं, पोस्टातल्या डबीत डिंक आहे का बघून यावं. नसला तर घरून आणावा लागेल.

पानाचा कोपरा दुमडणं मला आजवर जमलेलं नाही. एकतीस वर्षं मी त्यावरून लोकांना रागावलो आहे. खुणेसाठी हाताला येईल ते मी पानात घालतो. तिकीट, चमचा, एकदा कंगवा. त्या दिवशी हाताला किल्ली आली.

मी उतरलो, दार लावलं, डिंकाची डबी पाहिली (भरलेली होती), परत आलो आणि दाराला हात घातला.

दार उघडेना.

आत पुस्तक मिटून शांत बसलं होतं. त्यातून किल्लीचं टोक बाहेर आलं होतं, अगदी जीभ दाखवल्यासारखं.

"ताई," मी रस्त्यापलीकडे हाक मारली. माझी हाक रस्ता ओलांडत नाही. तीनदा मारली, तेव्हा टेलरमास्तरांनी वर पाहिलं.

ताई आली. आत वाकून पाहिलं. "किल्ली कुठाय?"

"एकशे बारा पानावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "लोक किल्ली खिशात ठेवतात. तू संदर्भासाठी ठेवतोस. दुसरी किल्ली घरी, आणि घराची किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स कुठाय विचार."

पर्स माझ्या सीटच्या पाठीला लटकत होती.

तिने टेलरमास्तरांच्या दुकानातून गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात येतो. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं.

"घाई कसली आहे एवढी?" ताई म्हणाली. "तासाने काय बिघडतंय?"

"साडेचारची टपालगाडी," मी म्हणालो आणि काचेतून बोट दाखवलं.

तिथेच माझं चुकलं. पाठ करून उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. ताई समोरच्या काचेवर वाकली. "पत्र आहे होय? कुणाला? उलटं दिसतंय सगळं. अहो, तुम्हाला वाचता येतं का हे?"

हे तिने छापखानेवाल्यांना विचारलं. पोस्टाच्या शेजारीच त्यांचं दुकान. गलका ऐकून ते हात पुसत बाहेर आले होते. त्यांनी चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेले. खिळे जुळवताना ओळ उलटी वाचायची असते. जगात उलटं वाचणारी किती माणसं असतील? त्यातलं एक नेमकं तिथे उभं होतं.

"न यायला काय झालं?" म्हणत त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि मी अडवायच्या आत खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'आपलं पत्र पोचलं. उत्तरास विलंब झाला त्याची कारणं तीन आहेत.' अक्षर सुरेख आहे हं. 'पहिलं कारण असं की...'"

"अहो, नका वाचू," मी म्हणालो. माझं तोंड कानापर्यंत तापलं होतं. "खासगी आहे."

"खासगी पत्र कुणी काचेत मांडतं का? साड्या मांडतात काचेत." ताईला आता चेव आला होता. "वाचा हो तुम्ही. कुणाला आहे?"

"'आदरणीय बाइंडरबाई.'"

ताई सरळ उभी राहिली. "तळघरातल्या? अरे लबाडा! म्हणून तू रोज दुपारी गायब व्हायचास! मी दुपारी फोन केला की शिपाई सांगायचा, साहेब पुस्तकं बघायला खाली गेलेत."

एवढ्यात टेलरमास्तर गळ्यातली टेप काढत आले. खिडकीची काच वरून दोन बोटं उघडी होती, कारण मला गाडीत गुदमरतं. मास्तरांनी टेपच्या टोकाला गाठीचा फास केला आणि तो फटीतून आत सोडला. दाराच्या कडेला कुलपाची छोटी खुंटी असते, ती फासात अडकवून वर ओढायची असा बेत होता. "अशा दोन गाड्या उघडल्यात मी," ते म्हणाले. "तिसरी तेवढी उघडली नाही, ती माझीच होती."

पोस्टातल्या मॅडमही शिक्का हातात घेऊनच बाहेर आल्या. "खिडकी पाच मिनिटं बंद," त्यांनी रांगेला सांगितलं. रांग त्यांच्यामागून बाहेर आली.

मी त्या सगळ्यांना थोडक्यात सांगितलं. सांगावंच लागलं, कारण ताई स्वतःच्या मनाने सांगू लागली होती आणि तिच्या सांगण्यात माझं नि बाइंडरबाईंचं लग्न बावीस वर्षांपूर्वी मोडलं होतं. मी म्हणालो, एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला आहे, आमच्या गल्लीत राहायला आले तर आवडेल का, आणि आजच्या टपालाने उत्तर गेलं नाही तर त्या भाचीकडे जातील.

"मग तुम्ही काय लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

सगळे छापखानेवाल्यांकडे वळले.

"दुसऱ्या पानावर खोलीची माहिती आहे. जिन्याला एकोणीस पायऱ्या. खालची घड्याळं बाराला एकदम वाजत नाहीत, पाच मिनिटं वाजत राहतात. नळाला पाणी सकाळी."

"दलालाचं पत्र आहे का हे?" रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

"तिसरं पान. 'मी कंटाळवाणा माणूस आहे याचा आपण विचार केला असेलच. माझी सोबत बहुधा...' इथे खाडाखोड आहे. '...बहुधा पुस्तकाइतकीच अबोल ठरेल. शिवाय मला घोरण्याची...'"

"पुढचं पान!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी बोललो नव्हतो. वाचनालयात तर नक्कीच नाही.

"चौथं पान. 'तरी सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून आपण योग्य तो निर्णय घ्यालच.' संपलं. खाली सही." छापखानेवाल्यांनी चष्मा काढला. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण साहेब, उत्तर कुठाय?"

फटीतून टेप सळसळत होती.

"नमनाला घडाभर तेल आणि पुढे नाटकच नाही," ताई म्हणाली. "बाईने सरळ विचारलंय, आवडेल का. आणि तू तिला नळाच्या वेळा कळवतोस? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! तुला आवडेल की नाही?"

"तसा प्रश्न नाहीये, ताई. त्यांच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"तुला आवडेल की नाही?"

"मिळालं!" टेलरमास्तर ओरडले. सगळे धावले. फासात ताईची पर्स आली होती. फटीतून ती बाहेर येईना आणि फास सुटेना, त्यामुळे ती तशीच काचेला आतून लटकत राहिली. रांगेतले लोक हसू लागले. मास्तर स्वतःच इतके हसले की त्यांना टेप सोडून खाली बसावं लागलं. आणि मग मलाही हसू आलं. कुठून आलं कळलं नाही. माझं पत्र चव्हाट्यावर होतं, घोरणंसुद्धा गावाला कळलं होतं, आणि मी गाडीच्या टपाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो.

"आवडेल," मी म्हणालो. "अगं, फार आवडेल. किती विचारतेस!"

"मला काय सांगतोस? तिला सांग!"

"पत्र आत आहे."

"चार पंचवीस झाले," पोस्टातल्या मॅडम म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि एक साधं कार्ड घेऊन आल्या. "हे घ्या."

मी जन्मात कुणाला कार्ड पाठवलं नाही. "उघडं कार्ड?" मी म्हणालो. "वाटेत कुणीही वाचेल हो."

त्यावर जो हशा झाला, त्यात मीच पहिला होतो.

गाडीच्या बॉनेटवर कार्ड ठेवलं. पत्ता तोंडपाठ होता, कारण त्या चोवीस दिवसांत तो मी अकरा पाकिटांवर लिहिला होता. मजकुराला जागा तळहाताएवढी. "आपण" लिहावं की "तुम्ही"? खोलीचं भाडं सांगायला नको का? आणि त्यांना इथे करमलं नाही तर? पण त्या तळहाताएवढ्या जागेत एवढं सगळं मावणारच नव्हतं. मी लिहिलं, "या. मला फार आवडेल." खाली सही केली.

"प्रूफ बघू का?" छापखानेवाल्यांनी मान लांब केली.

"नको," मी म्हणालो. असं मी कुणाला म्हणेन असं मला वाटलं नव्हतं.

कोपऱ्यावर टपालगाडीचा भोंगा वाजला आणि त्याच वेळी मागे 'खट्' झालं. मास्तरांनी पर्स सोडवून फास पुन्हा घातला होता, आणि या वेळी खुंटी वर आली होती. दार उघडलं. टाळ्या पडल्या. ताईने आत वाकून फळीवरची पानं गोळा केली, एकावर एक नीट लावली आणि माझ्यापुढे धरली.

"ही घे तुझी पानं. डिंक आत आहे, वेळही आहे. सगळी कारणं यात आहेत."

मी पानांकडे पाहिलं. अक्षर खरंच सुरेख आलं होतं. "बहुधा" आता पूर्ण वाळला होता. मी पानं घेतली नाहीत.

टपालवाला पेटी रिकामी करून पोत्याचं तोंड बांधत होता. मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या मानाने.

"अहो, थांबा, एक आहे!"

त्याने गाठ सैल केली, पोतं माझ्यापुढे धरलं, आणि मजकुराची बाजू वर असल्यामुळे साहजिकच कार्ड वाचलं. "आवडेल काय?" त्याने विचारलं.

"फार," मी म्हणालो आणि कार्ड आत टाकलं.