डब्याचं ॲल्युमिनियम

टुसॉनच्या त्या प्रयोगशाळेत सूर्यावर भडका उडाला की घंटा वाजवायची रीत होती. बाकीचे उपग्रहवाले सौरवादळ म्हटलं की डोक्याला हात लावतात; ही मंडळी मात्र त्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली. चंद्राभोवती फिरणारं त्यांचं यान जमिनीत काय काय आहे ते ओळखायचं खरं, पण सूर्याच्या क्ष-किरणांनी ती जमीन उजळली तरच.

आणि सूर्य तर वर्षभर ढिम्म! यानावरच्या उपकरणाची प्रमुख रूथ एस्कलान्ते, तिची झोप उडाली होती ती त्यामुळेच. तिच्या नकाशात चंद्रावर सगळीकडे सारखंच ॲल्युमिनियम दिसत होतं, उजळ डोंगरांत जेवढं, तेवढंच काळ्या मैदानांत. मैदानांत ते कमी असायला हवं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग हे चंद्राचं, की उपकरणाच्या ॲल्युमिनियमच्याच डब्याचं? ते मोजणीत मिसळू नये म्हणून डब्याला आतून तांब्याचं अस्तर लावा, असं तिचा सहकारी वेंडेल यान बांधताना कानीकपाळी ओरडला होता. वजन वाढतं म्हणून रूथनेच ते काढायला लावलं. आता इंधन संपत आलेलं यान महिनाअखेर चंद्रावर आपटणार होतं. सगळा जन्म एक डबा मोजण्यात गेला, असंच ठरायचं.

मंगळवारी सकाळी तिने न्याहारीचा, चंदेरी कागदात गुंडाळलेला बरीटो उचलला, तोच घंटा घणघणली.

"रूथ, भडकला एकदाचा!" वेंडेल ओरडला. "आणि यान डोंगर सोडून मैदानावर येतंय!"

"तूच बघ. माझ्याच्याने नाही होत."

"अस्तर काढताना बरा जोर होता गं!"

ती उठलीच. पडद्यावर डोंगरांच्या ॲल्युमिनियमची रेघ कधी नव्हे इतकी वर चढली होती. मैदानाची कड आली, रेघ घसरली, घसरतच गेली. डब्याचं ॲल्युमिनियमही होतंच, पण ते बिचारं भडक्यातही होतं तेवढंच राहिलेलं. सरळ वजा करता येणारं. बाकीचा सगळा चंद्र होता.

रूथ मटकन खुर्चीत बसली. वर्षभराचं ओझं उतरलं. डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत. मग तिला सणसणून भूक लागली आणि तिने बरीटोचा चंदेरी कागदासकट लचका तोडला.

"अगं, आधी वरचं ॲल्युमिनियम वजा कर!" वेंडेल म्हणाला.

"पुढच्या वेळी तांब्याचं अस्तर," तोंडातला कागद काढत रूथ म्हणाली. "वजनाचं मी बघते."