मान पुढच्या जागेचा

मी कॅनू बोलतेय. कर्जतचे लोक मला सरळ होडी म्हणतात, तेही चालतं. दोन्ही टोकांना निमुळती, मधे रुंद. पुढे एकाने आणि मागे एकाने बसून वल्हवायची. सध्या पेज नदीच्या काठावर उंबराला बांधलेली आहे आणि जीव नुसता वरखाली होतोय. बोलत राहिले तर निदान वेळ जाईल.

माझा जन्म मोहोपाड्याच्या एका शेडमधला. तिथे एरवी पाण्याच्या टाक्या बनतात. कुणीतरी हौसेने माझा साचा आणला म्हणून मी झाले. शेजारच्या टाक्या शांत स्वभावाच्या. गच्चीवर बसल्या की बसल्या, पोटातलं पाणी हलत नाही. मी मात्र टेंपोत चढवल्यापासून एकच विचारत होते, नदी कुठे आहे?

नदी मिळालीच नाही. खालापूरच्या एका रिसॉर्टने मला तळ्यात सोडलं. तळं कसलं, डबकंच. लोक बसत, वल्हं धरून फोटो काढत आणि उतरत. पुढे तळं बुजवून लग्नाचं लॉन झालं आणि माझ्यात बर्फ ओतून थंड्याच्या बाटल्या ठेवू लागले. पाण्यावर धावायचं सोडून मीच पाणी पोटात घेऊन उभी. टाक्यांनी बघितलं असतं तर हसून फुटल्या असत्या.

रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा जुनं सामान घेणाऱ्या अबूबकरने मला कर्जतला आणलं. त्याच्या आवारात आधीच एक लांबलचक, सपाट तळाची कॅनू होती. पहिला आला हिरामण, लग्नाच्या जेवणाची कामं घेणारा. त्याने माझ्यावर थाप मारली. “बर्फाला झ्याक हाय. लगीनसराई तोंडावर आली, एक ठेवा माझ्यासाठी.”

त्याच्या मागोमाग मासूमा आणि तिची सून नाजनीन आल्या. मासूमाचा मुलगा हमदान कुवेतला, घरात या दोघीच. एका ग्रुपबरोबर दोन दिवस नदीतून जायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. होडी ज्याची त्याने आणायची. मासूमा माहेरच्या खाडीत पोहायला शिकलेली, नाजनीन कर्जतच्या तलावात. पण वल्हं दोघींनी कधी हातात धरलं नव्हतं.

“मावशी, दोन्ही नदीवर नेऊन बघा,” अबूबकर म्हणाला. “उरंल ती हिरामणची.”

हे ऐकल्यापासून मला बर्फाचा गारठा जाणवू लागला.

पेज नदीचं एक आहे. डोंगराखालच्या वीजघरातून पाणी सुटलं की ती भरून धावते, बंद झालं की दगडांमधे डोह तेवढे उरतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी सुटलं नव्हतं. डोहात लांब कॅनू सुतासारखी सरळ गेली, जराही डुलली नाही. नाजनीन खूश झाली. मग माझी पाळी. माझा तळ पाळण्यासारखा, टोकांना वर उचललेला, म्हणून मी चटकन वळते. संथ पाण्यात ते काय कामाचं? मी जागच्या जागी गरगरत राहिले.

“ही तर येडीच हाय,” मासूमा म्हणाली.

मला रडू कोसळायचं बाकी होतं. अहो, मी खळाळत्या पाण्यासाठी आहे, हे यांना सांगणार कोण?

तेवढ्यात पाणी आलं. नदी गढूळ होऊन दगडांवरून उसळू लागली. लांब कॅनू त्यातही सरळच गेली, सरळ एका दगडावर. तिला वळायचं ठाऊकच नाही. दोघी कंबरभर पाण्यातून ओल्याचिंब बाहेर आल्या आणि मग मला घेतलं.

आता मी दाखवते, असं मी मनाशी म्हटलं. पण या दोघींची एक रीत. टमटममध्ये थोरल्या माणसाला पुढची सीट द्यायची, तशीच नाजनीनने माझ्यातली पुढची जागा अदबीने सासूला दिली. सासू चांगली भरलेली, सून काडी. माझं नाक खाली गेलं, शेपूट वर. नाजनीनचं वल्हं पाण्याला धड लागेना. पहिल्याच लाटेला मी घोटभर नाही, पोटभर पाणी प्यायले.

काठावरून अबूबकरने विचारलं, “मग मावशी, हिरामणला फोन करू?”

मासूमा दगडावर बसून ओढणी पिळत होती. माझ्याकडे बघत ती सावकाश म्हणाली, “थांब. नाजू, मी मागं बसते.”

“तुमाला मागं बसवू? लोक काय म्हणतील?”

“लोक काठावर हायत गं. बुडतोय आपण.”

नाजनीन हलली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाली, “पुढं बसले तर तुमी मला दिसणार नाय, अम्मी. पडलात तर कळणार पण नाय. कुवेतला त्यांना मी काय सांगू?”

“मागून वल्ह्याचा आवाज येतोय तोवर मी हाय. तू पुढचे दगड बघ आणि मला सांग.”

पुन्हा निघालो. या वेळी माझं नाक पाण्याच्या वर होतं. पहिला दगड दिसताच नाजनीन ओरडली, “डावीकडं! अम्मी, डावीकडं!” सुनेने सासूला हुकूम सोडला आणि सासूने तो मुकाट्याने पाळला. मागचं वल्हं पडलं आणि मी वळले, अशी वळले की दगड हात लावण्याइतक्या जवळून गेला. लाटेवर डुलले, पण लवंडले नाही. एवढ्यासाठीच तर माझा जन्म होता. दोघी थरथरत हसत होत्या आणि मी त्यांच्याखाली.

लांब कॅनू हिरामणने नेली. बाटल्या जास्त मावतात म्हणे. बिचारीचं मला वाईट वाटतं.

आज निघायचं आहे. माझ्या मधोमध तंबू आणि तांदळाची पिशवी बांधली आहे. लाइफ जॅकेट घालून दोघी बसल्यासुद्धा, पण ग्रुपमधल्या कुणाचा तरी चहा अजून संपत नाही. माणसांना निघायचं असलं की चहा आठवतो.

मागे बघायचं नाही असं ठरलंय, तरी नाजनीनची मान वळू पाहते. मासूमा ते ओळखते. मी अजून झाडाला बांधलेली, तरी ती मागून वल्हं मारतेय, पुढे आवाज जावा म्हणून. चुबुक, चुबुक. नाजनीनची मान पुन्हा नदीकडे वळलीय.

वरून पाण्याचा आवाज येतोय. तुमच्यापैकी कुणी उंबराजवळ उभं असेल तर तेवढी गाठ सोडा.