शेवंताबाईंच्या पडवीवरचा पत्रा

मित्रांनो, धुळ्यात पांझरा ओलांडून देवपुरात आलात, की जुन्या घरांवर राखाडी रंगाचे, लाटांसारखे वळलेले पत्रे अजूनही दिसतात. मी त्यांच्यापैकीच एक. मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. छपरावर आयुष्य काढलेल्याला खालच्या घरातले सगळे ऐकू येते. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर त्या घराचीच सांगावी लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सिमेंटच्या पातळ रबडीत एक खाणीतला दगड मिसळत. तो दगड मोठा विचित्र. कुटला की त्याचे कापसासारखे धागे निघतात. त्या धाग्यांनीच मला बळ दिले. त्यांना अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात, हे मात्र मला फार उशिरा कळले. मला घरी आणणाऱ्यांनाही ते कोणी सांगितले नव्हते.

प्रेमराज नानांनी हे घर बांधले तेव्हा स्वयंपाकघरावर आणि मागच्या पडवीवर आम्हाला चढवले. ते काम केले अभिमन मिस्त्रीने. हा नानांच्या पत्नीचा, शेवंताबाईंचा, धाकटा भाऊ. भडगावचा राहणारा, हाताने तरबेज आणि तोंडाने गमत्या. तो करवतीने आम्हाला मापात कापायचा आणि पत्र्याचे दुसरे टोक शेवंताबाई धरायच्या. पांढरा भुगा उडून अभिमनच्या भुवया पिठासारख्या व्हायच्या.

"भाऊ, तू तर आजच म्हतारा व्हई गया!" शेवंताबाई आपल्या अहिराणीत चिडवत हसायच्या. अभिमन हाताने तोंड पुसायचा आणि पुन्हा करवत चालवायचा.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मी गंजलो नाही. वैशाखात टिनाचे पत्रे तापून माणसांना भाजून काढत, तेव्हा माझ्याखाली त्यामानाने बरे वाटे. शेवंताबाई शिडीवर उभ्या राहून माझ्या अंगावर ज्वारीचे बिबडे पापडांसारखे वाळत घालायच्या आणि शेजारणींना माझी मजबुती सांगायच्या, "मना भाऊनं काम शे. शंभर वरीस हालाव नही."

मग मी काळवंडलो. अंगावर शेवाळ धरले. वानरांच्या उड्यांनी कडा उडाल्या. पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागू लागली. नानांचा मुलगा नोकरीसाठी सुरतेला गेला. त्याची बायको ज्योती आणि मुलगी डिंपल इथेच राहिल्या. घरात माझ्याविषयी बोलणे निघे ते एवढेच, की हे जुनाट छप्पर एकदा काढून टाकू.

अशात भडगावहून निरोप आला. अभिमनला चार पावले चालली तरी दम लागतो, त्याला जळगावच्या दवाखान्यात ठेवले आहे. शेवंताबाई घाईघाईने जळगावला गेल्या.

इकडे नानांनी मनाशी ठरवले, की ती परत येईपर्यंत नवे छप्पर घालून तिला चकित करायचे. त्यांनी गल्लीतल्या पितांबरला बोलावले. पितांबर वेल्डिंग, नळ, छप्पर, सगळे करायचा. हातचा चांगला आणि हाकेला धावून येणारा. ज्योतीने मात्र भीत भीत विचारले, "पितांबरभाऊ, हे पत्रे फार जुने आहेत. यांच्या धुळीत काहीतरी वाईट असतं म्हणतात. आधी तपासून घ्यायचे का?"

"वहिनी, असली किती छपरं उतरवली मी! मला काय झालं? रुमाल बांधतो की."

"त्याचं काम त्याला करू दे, ज्योती," नाना म्हणाले.

पितांबर वर चढला. आमचे बोल्ट गंजून घट्ट झाले होते. ते फिरेनात, तेव्हा त्याने कटर मशीन लावली आणि माझ्या शेजारचा पत्रा सरळ मधोमध कापायला घेतला. मित्रांनो, तो आवाज आठवला तरी माझे अंग शहारते. धुळीचा पांढरा लोट उठला. तो पितांबरच्या नाकाडोळ्यांत गेला आणि खाली पडवीत उतरला. तिथे डिंपल शाळेतून येऊन डबा खात बसली होती.

त्याच वेळी शेवंताबाई दारात रिक्षातून उतरल्या. त्यांनी वर पाहिले. हातातली पिशवी तिथेच टाकून त्या ओरडल्या, "बंद कर! बंद कर ते!" मशीनच्या आवाजात पितांबरला काहीच ऐकू गेले नाही. शेवंताबाई तशाच धुळीत शिरल्या. त्यांनी एका हाताने डिंपलला अंगणात ढकलले आणि दुसऱ्या हाताने मशीनची वायर हिसडून काढली.

एकदम सगळे शांत झाले. पितांबर रागाने खाली उतरला. "काकू, काम करायचं नसेल तर तसं सांगा. मी चाळीस ठिकाणी कामं केलीत, कोणी अशी वायर ओढली नाही."

"तुझ्या कामात खोट नाही रे पोरा," शेवंताबाई धापा टाकत म्हणाल्या. "डॉक्टरांनी भाऊच्या छातीचा फोटो पाहिला. मला विचारलं, हे काय काम करायचे? म्हटलं, छपरं घालायचा, सिमेंटचे पत्रे कापायचा. डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, त्याच धुळीनं फुफ्फुसं आतून कडक झालीत. आता पहिल्यासारखी होणार नाहीत." त्यांनी छपराकडे बोट दाखवले. "मना भाऊनी छातीमा हाईच धूळ शे, पितांबर. आणि पत्र्याचं दुसरं टोक मी धरलं होतं."

पितांबरने वायर गुंडाळली. मशीन उचलून निघून गेला.

नाना झाडू घेऊन धूळ लोटायला लागले, तर ज्योतीने झाडू धरला. "कोरडं झाडू नका नाना, पुन्हा उडेल." तिने सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या, फडकी ओली करून जमीन पुसली आणि ती फडकी पिशवीत घट्ट बांधून टाकली. नाना ओट्यावर बसून राहिले. "मीच त्याला बोलावलं," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून ज्योतीने कामगारांना फोन लावायला सुरुवात केली. बहुतेक जण लगेच कामाला येण्याचा दिवस सांगत आणि "काही होत नाही ताई" म्हणत. जळगावच्या मगन ठेकेदाराने मात्र उलट तिलाच विचारले, "पत्रे किती जुने? फुटलेत का? घरात लहान मूल आहे का?" त्याने आधी माझ्या कडेचा तुकडा पाणी मारून काढला आणि तपासायला पाठवला. उत्तर आले, की माझ्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे.

दरम्यान एका संध्याकाळी पितांबर आपणहून आला आणि ओट्याच्या कडेला टेकला.

"काकू, मी जळगावला जाऊन आलो. अभिमनभाऊंना भेटलो."

"काय बोलला तो?"

"काय बोलणार? एक वाक्य बोलले की ऑक्सिजनच्या नळीतून दम घेत होते. मला विचारलं, अजून पत्रे कापतोस का." पितांबरने मान खाली घातली. "माझी पोरगी अडीच वर्षांची आहे काकू. मी घरी गेलो की त्याच कपड्यांनी तिला उचलून घेतो."

शेवंताबाईंनी त्याला पाणी दिले. पुढच्या आठवड्यात ज्योतीच त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितले, आज काही दिसत नाही, पण ही धूळ फार वर्षांनी बोलते, दरवर्षी तपासून घे. पितांबरच्या मनावर ते ओझे आता कायमचे राहील.

आम्हाला उतरवले त्या दिवशी डिंपलला मावशीकडे पाठवले होते. मगनच्या माणसांनी तोंडाला नीट बसणारे मास्क लावले आणि अंगावर पूर्ण झाकणारे कपडे घातले. पितांबरही हे काम शिकायला त्यांच्यासोबत आला होता, तसेच कपडे घातलेला. त्यांनी आम्हाला आधी ओलेचिंब भिजवले. बोल्टांना तेल देऊन एकेक सोडवला. कोणी हातोडा मारला नाही, कोणी आम्हाला वरून फेकले नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, असा कचरा जिथे पुरतात तिथे नेण्यासाठी गाडीत ठेवले.

गाडी सुटण्याआधी शेवंताबाईंनी अंगणातून भावाला फोन लावला. "भाऊ, समदा पत्रा उतरी गयात."

पलीकडून नळीतून दम घेतल्याचा आवाज आला. मग अभिमनने विचारले, "अक्का... फुटना का एखादा?"

माझ्या शेजारी तो अर्धा कापलेला पत्रा पडला होता. शेवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला. "नही भाऊ," त्या म्हणाल्या. "एक बी नही फुटना."

मित्रांनो, मला छपरावर शांत पडू दिले तर मी फारसा त्रास देत नाही. मला कापू नका, फोडू नका, माझ्या तुकड्यांशी खेळू नका. तुमच्या घरावर माझे भाऊबंद असतील तर आधी तपासून घ्या आणि ज्याला कामाला बोलवाल त्याला विचारा, तू हे कसे उतरवणार? त्याला माहीत नसेल, तर हसू नका, रागावू नका. पण त्याला वर चढू देऊ नका. त्याच्याही घरी कोणीतरी हात पसरून त्याच्याकडे धावणारे असते.