खंडूचं पथ्य

मित्रांनो, मी सोलापूरची चादर. वयाने तुमच्या बाबांपेक्षा मोठी, अंगाने अजून खंबीर आणि स्वभावाने, खोटं कशाला बोलू, जरा हिशेबी. चादरीला हिशेबी व्हावंच लागतं. कोण स्वतःकडे किती ओढून घेतं आणि कोण दुसऱ्यासाठी किती सोडतं, हे अंथरुणात जेवढं कळतं तेवढं दिवाणखान्यात कळत नाही.

माझा जन्म सोलापुरातल्या एका मागावर झाला. जाड सुताची वीण, तांबडा आणि काळा रंग, दोन्ही बाजूंनी सारखीच नक्षी. म्हणजे मला उलटी-सुलटी बाजू नाही. माणसांमध्ये हा गुण क्वचित सापडतो. पुरुषोत्तम नावाचे एक तरुण इंजिनिअर इंग्लंडात लीड्सच्या कापड गिरणीत नोकरीला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला विकत घेतलं आणि मेतकूट, गोडा मसाला यांच्या शेजारी ट्रंकेत घातलं. लीड्सला पोचल्यावर कित्येक दिवस माझ्या अंगाला मसाल्याचा वास येत होता.

ते माझे मानाचे दिवस होते. शिकायला किंवा नोकरीला आलेलं कुणीही मराठी माणूस त्या घरी उतरायचं. पुढच्या खोलीत जमिनीवर गादी पडायची आणि अंगावर मी. “वहिनी, काय ऊब आहे हो हिला!” असं म्हणत पाहुणे झोपायचे. सकाळी माझा बोळा तिथेच टाकून चहाला जायचे. तेव्हाच मी शिकले की स्तुती करणारे खूप असतात, घडी करणारे थोडे.

पुढे दुलया आल्या, फुगीर आणि पांढऱ्या. वहिनींच्या आजी झाल्या आणि एका हिवाळ्यात गेल्याही. मग मला बॉयलरशेजारच्या कपाटात ठेवलं. तिथे गरम असतं, पण नुसतं गरम असणं म्हणजे उपयोगी पडणं नव्हे. मी अंधारात पडून घरातले आवाज ऐकत राहिले. पुरुषोत्तमरावांचा मुलगा गिरीश, लीड्समध्येच जन्मलेला. त्याची बायको मंजिरी, पुण्याची, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. त्यांची मुलगी पूर्वी, जिचं मराठी धावताना ठेचकाळायचं, पण थांबायचं नाही. आणि पुरुषोत्तमराव, जे आता सगळ्यांचे आबा झाले होते.

एक दिवस कपाटाबाहेर नवीन आवाज आला. जड, मऊ पावलांचा. घरात न्यूफाउंडलँड जातीचं पिल्लू आलं होतं. पिल्लू म्हणायचं आपलं. वर्षभरात ते काळ्या अस्वलाएवढं झालं. आबांचं कुलदैवत खंडोबा आणि कुत्रा हा खंडोबाचा सोबती, म्हणून आबांनी त्याचं नाव खंडू ठेवलं. आबांची एक पद्धत होती. पानावर बसलं की पहिला घास, तुपात बुडवलेल्या पोळीचा, खंडूला. त्यानंतर स्वतःला. “देवाच्या सोबत्याला उपाशी ठेवून मी जेवायचं?” ते म्हणायचे. खंडूचं या बाबतीत आबांशी पूर्ण एकमत होतं.

तीनेक वर्षांचा झाला आणि त्याची चाल बिघडली. धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायचा. बसला की उठायला वेळ लागायचा. जिन्याखाली उभा राहून वर बघायचा आणि तिथेच आडवा व्हायचा. एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही, जन्मापासूनच नाही. चालताना हाडावर हाड घासतं. खुबा बदलायचं ऑपरेशन करता येईल, पण आधी वजन बरंच उतरायला हवं. आणि उशीर करू नका, कारण पाय वापरात राहिला नाही की मागचे स्नायू सुकत जातात. थोडक्यात, खंडूला पुन्हा पायावर उभं करायचं तर त्याला हलकं करायला हवं होतं, तेही लवकर.

त्याच संध्याकाळी माझं कपाट उघडलं. खंडूला मागून उचलून धरायला दुकानातून आणलेला बक्कलांचा पट्टा त्याच्या पोटाला रुतत होता. आबा म्हणाले, “आपली सोलापुरी काढा. ती हत्तीसुद्धा उचलेल.” माझी लांब पट्टीसारखी घडी केली, खंडूच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे घातली, आणि माझी दोन्ही टोकं गिरीशने वर धरली. पुढचे पाय खंडूचे, मागचे पाय माझे. असे आम्ही बागेत गेलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर भार टाकला होता. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

मित्रांनो, अशा कुत्र्याला सांभाळणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं. घरातल्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर त्याचे पाय फाकायचे, म्हणून सगळीकडे रबरी तळाच्या चटया आल्या. पंजांमधले केस कापले, नखं आखूड ठेवली. गाडीत चढायला उतरती फळी आली. एकदाच लांब फिरायला न्यायच्या ऐवजी थोडं थोडं, पण अनेकदा न्यायचं ठरलं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याच्या टाकीत चालायला नेऊ लागले. पाण्यात तो इतका मजेत चालायचा की बाहेर आल्यावर स्वतःच्याच पायांकडे चकित होऊन बघायचा. लीड्सची ओली थंडी त्याच्या सांध्यांत शिरायची. अशा सकाळी गिरीश त्याच्या मांड्या चोळत बसायचा.

आणि पथ्य मंजिरीकडे होतं. “मोजलेलं अन्न, दोन वेळा. हातून काही नाही. कुणीही नाही. बाबा, मी तुमच्याबद्दल बोलतेय.”

“अगं, एक घास,” आबा म्हणाले. “एका घासाने काय होतंय?”

“तुम्हाला मी रक्तदाबाची गोळी एकच जास्त देऊ का? बघू काय होतंय ते.”

“सूनबाई, तू पुण्याहून आलीस तेव्हा फार गोड बोलायचीस.”

“तेव्हा तुम्ही ऐकायचात.”

आबा हसले आणि त्यांनी हात वर केले. सगळ्यांनी कबूल केलं. मी सगळं ऐकत होते, कारण माझी नवी जागा स्वयंपाकघरातल्या खुर्चीची पाठ होती. तिथून सगळं दिसायचं.

काय काय दिसायचं म्हणता? सांगते. मंजिरी कामावर गेली की आबा पोळीचा कोपरा तुपात बुडवायचे, “जय मल्हार” असं पुटपुटायचे आणि टेबलाखाली हात न्यायचे. गिरीश घरून काम करायचा. मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने मान हलवत असताना त्याचा खाली सोडलेला हात टोस्टच्या कडा वाटत असायचा. पूर्वीला फिश फिंगरचं शेवटचं टोक कधीच आवडायचं नाही, नेमकं खंडू शेजारी असताना. आणि मंजिरी? पथ्याची मालकीण? ती ड्यूटीवरून दमून यायची, कोट न काढता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. खंडू घसटत जवळ यायचा आणि तिच्या मांडीवर ते भलंमोठं डोकं ठेवायचा. मग तिच्या खिशातून एक बिस्किट निघायचं. “आज फार वाईट दिवस होता रे,” ती म्हणायची. “कुणाला सांगू नकोस.”

खंडू कुणालाच सांगायचा नाही. कुत्र्यासारखा विश्वासू नाही, असं म्हणतात ते या अर्थानेही खरं आहे.

प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे तिघं पथ्य पाळताहेत, मग आपल्या एका घासाने काय बिघडतंय? माया करताना माणूस हिशेब फक्त स्वतःच्या हाताचा ठेवतो. बेरीज मात्र माझ्यावर यायची. रोज मी त्याच्या पोटाखाली जायची आणि मला कळायचं की भार कमी होत नाहीये. उलट वाढतोय. माझ्या विणीत एक-दोन धागे तटतटले. मला तोंड असतं तर ओरडले असते.

असा पावसाळी वसंत गेला, उन्हाळा गेला. सगळे म्हणत राहिले, “जातच नाही बघ वजन याचं. जातच तशी दणकट.”

शरदात दवाखान्यातल्या नर्सने त्याला काट्यावर उभं केलं, तेव्हा चौघंही हजर होते. मी पोटाखाली होतेच. नर्स यॉर्कशरची, ठसठशीत बोलणारी. तिने आकडा पाहिला, मग या चौघांकडे पाहिलं. “समबडीज फीडिंग हिम, लव्ह,” ती मंजिरीला म्हणाली.

तीन माना आबांकडे वळल्या.

“बाबा!” मंजिरी म्हणाली.

“माझ्याकडे काय बघता? देतो. एक घास देतो. देवाचा.” आबांचा चेहरा उतरला होता. “पण एका घासाचं हे एवढं?”

“तुम्ही ऐकतच नाही, बाबा,” गिरीश म्हणाला. “वी हॅड अ रूल.”

तेव्हा पूर्वी रडायला लागली. “आबांना नका ओरडू. डॅडी पण देतो, टोस्ट. मीटिंगमध्ये. मी बघितली. आणि मी पण दिला, फिश फिंगर.” आणि मग, अगदी हळू, “आणि ममाने पण बिस्किट दिली. स्टेअर्सवर.”

मंजिरीने काट्याच्या आकड्याकडे पाहिलं. गिरीशने बुटांकडे पाहिलं. मधे खंडू शेपटी हलवत उभा होता, कारण त्याची सगळी आवडती माणसं एकाच जागी जमली होती आणि त्याचंच नाव घेत होती.

त्या दिवसापासून मात्र घर खरोखर बदललं. काही द्यायचं असेल तर ते त्याच्या मोजलेल्या वाटीतून काढून द्यायचं. त्याने समोर पडलेलं काही उचलायच्या आधी मंजिरीकडे बघायचं, ती “घे” म्हणाली तरच घ्यायचं, हेही त्याला शिकवलं. आबा देवाचा घास बागेत पाखरांना ठेवू लागले. खंडू चटईवरून बघायचा. पहिले काही दिवस त्याला वाटलं असावं की आबांचा नेम चुकतोय. तो बघायचा, म्हणून आबा भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

वजन उतरू लागलं. मला रोज कळायचं. हिवाळा संपेपर्यंत तो इतका हलका झाला की पूर्वीसुद्धा माझी दोन टोकं धरून त्याला उभा करू शकायची. सगळे आनंदात त्याला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्यांनी बराच वेळ खंडूचे पाय चाचपले. नवे एक्स-रे पाहिले. मग स्टूल ओढून खंडूच्या उंचीला बसले आणि सावकाश बोलले. वजन छान उतरलं आहे. पण मधल्या काळात मांड्यांचे स्नायू फार सुकलेत आणि आता कण्याचाही त्रास सुरू झालाय. नवा खुबा बसवला तरी त्याला पेलणारं तिथे काही उरलेलं नाही. ऑपरेशनचा सल्ला ते देणार नाहीत.

“गेल्या वर्षी आणला असता तर?” मंजिरीने विचारलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खंडूच्या कानामागे खाजवलं. “कदाचित,” एवढंच म्हणाले.

परतताना गाडीत गिरीश म्हणाला, “इट्स नो वन्स फॉल्ट.”

आबा खिडकीबाहेर बघत होते. “कुणा एकाची चूक असती ना,” ते म्हणाले, “तर त्याच्यावर रागावून मोकळे तरी झालो असतो.”

त्यानंतरही खंडू दीडेक वर्ष राहिला. त्याचं दुखणं आटोक्यात ठेवणं एवढंच हातात होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. वेळेवर गोळ्या. कूस बदलणं. ओला झाला की धुणं, कोरडं करणं. मी रोज धुतली जायची, हीटरवर वाळायची आणि पुन्हा त्याच्या पोटाखाली जायची. माझे रंग विटले, मधली वीण विरळ झाली. इतकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. इतक्या मानाने घडीही कुणी घातली नव्हती.

मग एका सकाळी पुढचे पायही उठेनात. मी होते, गिरीश होता, आबासुद्धा एक टोक धरायला आले, पण खंडूने आमच्याकडे असं पाहिलं की गिरीशने मला हळूच खाली ठेवलं.

दुपारी डॉक्टरीणबाई घरी आल्या. खंडू माझ्यावर पडला होता, बागेच्या दाराशी, जिथे ऊन येतं. त्या म्हणाल्या, “घाई नाही. त्याला आवडतं ते आज खुशाल द्या.”

मंजिरीने पोळी केली. तूप लावलं, तुकडे केले आणि ताटली मधे ठेवली. पण मित्रांनो, कुणाचाच हात पुढे होईना. टेबलाखाली बिनदिक्कत जाणारे तेच हात उजेडात गप्प बसले होते. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता.

शेवटी पूर्वीने एक तुकडा उचलला आणि त्याच्या नाकापाशी धरला. खंडूने वास घेतला. नाकपुड्या हलल्या. पण त्याने तोंड उघडलं नाही. मान वळवली, कष्टाने, आणि मंजिरीकडे बघितलं.

ती “घे” म्हणायची वाट बघत होता तो. शिकवलं होतं तसं.

“घे,” मंजिरी म्हणाली. मग त्याच्याजवळ वाकून पुन्हा म्हणाली, “घे रे राजा. घे.”

मग त्याने घेतला. सावकाश चावला. एक आबांच्या हातून घेतला, एक गिरीशच्या, एक तिच्या. चौघांनी एकमेकांसमोर दिला, एकमेकांना दाखवून. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी शेवटचं इंजेक्शन दिलं. माझ्यावरचा भार तेवढाच राहिला, पण त्यातला श्वास थांबला.

मित्रांनो, माझं ऐका. तुमच्या घरात एखादं जनावर असेल, एखादं आजारी माणूस असेल, तर त्याचं पथ्य त्याचं एकट्याचं नसतं, साऱ्या घराचं असतं. माया जरूर करा, भरपूर करा. पण गुपचूप करू नका. ताटातला घास उचलण्याआधी शेजारच्याला एवढं विचारा, “तू दिलंस का रे?” या घरात हा प्रश्न विचारायला सगळ्यांना उशीर झाला. तुम्ही आज विचारा.