वास माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि मला किळस येते. हे आधीच सांगितलेलं बरं. फ्रिज म्हणजे थंड गृहस्थ, त्याला कसलं काय वाटणार, असा तुमचा समज असतो. शी! ज्याच्या पोटात लोक अर्धी चावलेली काकडी तशीच उघडी ठेवून जातात, त्याला काय वाटत असेल, याचा कधी विचार केलाय का तुम्ही?

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, मागे नळ्या बसवल्या आणि वर लोण्यासारखा फिकट पिवळा रंग फवारला. तेव्हा माझ्या पोटात फक्त नव्या रबराचा वास होता. अहाहा! आयुष्यातला तेवढाच काळ सुखाचा. मग मला एका घरात आणलं. हमाल जिना चढत होते आणि घरमालक खालून ओरडत होता, "उभाच न्या रे, आडवा करू नका, बिघडेल!" मला हा माणूस आवडला. पुढे त्याचे प्रताप कळले, ते सांगतोच.

हा माणूस पुस्तकांना बांधणी करणारा बाइंडर. कोपऱ्यावर त्याचं छोटं दुकान. त्याची बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. त्यांची एक लेक आहे, शाळेत जाते आणि सगळ्या जेवणाला नाकं मुरडते. आणि या तिघांना जेवू घालणारी बाइंडरची थोरली बहीण. लेकीची ती आत्या, बाकी सगळ्या इमारतीची ताई. लग्न केलं नाही, भावाला वाढवलं आणि त्याच्याच घरी राहिली. स्वयंपाकघर तिचं. तिथे बाइंडरची बायको, आमची वहिनी, तीसुद्धा विचारून पाऊल टाकायची.

संध्याकाळ झाली की आत्या माझं दार उघडायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मग एकेक डबा काढून, झाकण उचलून नाक जवळ न्यायची. तिचा निकाल ठरलेला असे. चांगलं असलं तर "आहे अजून", नासलं असलं तर "गेलं". बस्स. त्या नाकापुढे कुणाचं काही चालायचं नाही. तिने "आहे अजून" म्हटलेल्या उरल्यासुरल्यातून रात्रीचं जेवण उभं राहायचं. कालच्या भातात कांदा आणि अंडं परतून व्हायचं, उकडलेले बटाटे कुस्करून कटलेट व्हायची, भाज्यांचा रस्सा घोटून त्याचं सूप व्हायचं आणि वाळका पाव भाजून, तुकडे करून त्यात पडायचा. लेकसुद्धा चाटूनपुसून खायची. आणि माझं पोट कसं लख्ख राहायचं!

आमचं स्वयंपाकघर जिन्याला लागून. दार दिवसभर उघडं. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच हाक मारायच्या, "ताई, भात उरलाय आणि घरात एकच अंडं आहे. काय करू?"

"कांदा आहे ना? मग रडतेस कशाला? तो चिरताना रड!"

असं चालायचं. अख्खी इमारत जेवणाला काय करायचं ते आमच्याकडून शिकायची. कुणी वर आलं की म्हणायचं, ताईंचा फ्रिज बघा, काही म्हणून वाया जात नाही. मी दारातल्या दारात फुगायचो.

गेल्या थंडीत घरात ताप शिरला. सगळे पडले, सगळे उठले. आत्याही उठली आणि संध्याकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या मधल्या फळीवर घेवड्याची उसळ होती. ती आंबली होती, वर बुडबुडे येत होते, आणि तो वास माझ्या अंगात मुरत चालला होता. आत्याने झाकण काढलं. नाक जवळ नेलं. एरवी क्षणात निकाल लागायचा. त्या दिवशी ती थांबली. अजून जवळ गेली, इतकी की नाकाचा शेंडा उसळीला लागला. तिने तो पुसला आणि हळूच म्हणाली, "आहे अजून."

शी शी शी! अगं बाई, गेलं ते! मी घरघरलो, थरथरलो. तिने माझ्या कुशीवर एक चापट मारली, "गप रे, म्हाताऱ्या."

त्या रात्री भावाने पहिलाच घास घेऊन विचारलं, "ताई, आंबट लागतंय का गं जरा?"

"लिंबू पिळलंय," आत्या म्हणाली.

लिंबू माझ्या दारात होतं, अख्खं. मी बघत होतो.

तेव्हा मला कळलं की आत्याचं नाक गेलंय. घरात दुसऱ्या कुणाला कळलं नाही. तिने कळूच दिलं नाही. ती सगळ्यात तिखट ओतायला लागली, सगळं रटारटा उकळायला लागली. आणि माझं काय झालं म्हणता? चांगलं ताजं दूध ती भीतीने मोरीत ओतायची आणि बुळबुळीत झालेले मशरूम जपून ठेवायची. मागच्या कोपऱ्यात एका वाटीत काहीतरी होतं, ते आधी कसलं होतं ते मलाही आठवत नाही, त्याला केस आले होते. केस! आणि ते माझ्या पोटात! कोथिंबिरीचं काळं पाणी भाजीच्या खणात साठलं होतं. मला स्वतःचीच शिसारी यायला लागली.

वहिनी दार उघडायची आणि तोंड फिरवायची. "या फ्रिजलाच घाण मारतेय. जुना झालाय. भंगारात देऊन टाकू या."

मला! भंगारात! इतकी वर्षं एक दिवस रजा घेतली नाही मी. वास माझा नव्हता हो! पण सांगणार कसा? माझ्यात त्यांनी लिंबाच्या फोडी ठेवल्या, सोड्याची वाटी ठेवली. आत्या गप्प उभी राहून बघत होती. माझ्यावर आळ येत होता आणि ती तो येऊ देत होती. मला तिचा फार राग आला.

मग एका दुपारी घरात कुणी नसताना तिने माझ्या गार दाराला गाल टेकला. "तुला कळतंय ना रे सगळं?" ती म्हणाली. "पण वास येत नाही असं सांगितलं तर उद्या मला कोण इथे उभं करणार? या घरात मी काय, खुर्चीत बसून माशा मारू?" आणि ती रडली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला भीती वाटायला लागली, तिच्यासाठी आणि तिच्या हातचं खाणाऱ्यांसाठी.

आता बाइंडरचे प्रताप ऐका. पुस्तकाचा पुठ्ठा चिकटवायला खळ लागते. पीठ पाण्यात शिजवायचं की झाली खळ. ती आंबते, म्हणून हा शहाणा ती माझ्यात ठेवायचा. आणि पुस्तकाला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचा. मोरचूद म्हणजे निळं विष, मित्रांनो. विष आणि लेकीचं दूध एकाच पोटात! वहिनी कितीदा ओरडली. तो म्हणायचा, "मी लाल दोरा बांधतो ना डब्याला, आणि ठेवतो तरी दाराच्या खालच्या कप्प्यात. चुकणार कोण?" डबा मात्र आइस्क्रीमचा. या घरात आइस्क्रीमचा एकही रिकामा डबा कधी टाकत नाहीत. भाजी त्यातच, पीठ त्यातच, खळही त्यातच.

एका सकाळी त्याने थोडी खळ काढून घेतली, घाईत दोरा तिथेच ओट्यावर टाकला आणि डबा सरकवला मधल्या फळीवर. त्याच्या शेजारी दुसरा तसलाच डबा होता. त्यात आत्याने आदल्या दिवशी भाज्यांचे काप तळायला कालवलेलं पीठ उरलं होतं.

संध्याकाळी खालून काकूंची हाक आली, "ताई, आज काय?" हल्ली आत्या बशी तेवढी गुपचूप खाली पाठवायची, पण कित्येक दिवसांत तिने या हाकेला ओ दिली नव्हती. त्या दिवशी कसा कोण जाणे, तिला हुरूप आला. "बटाटे उरलेत, भात उरलाय, पालक आहे. कटलेट करते. तुलाही पाठवते!"

तिने माझं दार उघडलं. हात मधल्या फळीवर गेला. अगं, तो नको! शेजारचा घे! तिने झाकण काढलं, नाक नेलं, थांबली. "आहे अजून," म्हणाली, "जरा घट्ट झालंय." मग बोट बुडवलं. ती ते जिभेला लावणार, तेवढ्यात शेगडीवर दूध उतू गेलं. बोट फडक्याला पुसून ती धावली. त्या दुधाचे मी आजही आभार मानतो. पण पुढे ती बोट लावायचं विसरूनच गेली. खळीत पाणी घातलं, भात, बटाटे, चिरलेला पालक घातला, थापलं आणि तव्यावर टाकलं. हिरवट दिसलं, तर तिला वाटलं पालकाचं.

एक बशी काकूंकडे गेली. एक लेकीपुढे आली. गरम होतं, म्हणून लेक तुकडा मोडून फुंकर मारत बसली आणि सवयीने नाक मुरडत होती. वहिनी कपडे बदलत होती. बाइंडर चपला काढत आत आला आणि हसला, "आज दुकानाचा वास माझ्या मागोमाग घरी आला की काय?"

मग त्याचं हसू थांबलं. त्याने बशी उचलून हुंगली. "ताई, पीठ कुठलं घेतलंस?"

"आइस्क्रीमच्या डब्यातलं. कालचं."

त्याने माझं दार उघडलं. कालचं पीठ जागच्या जागी होतं. त्याने वळून लेकीच्या हातावर असा फटका मारला की तुकडा भिंतीवर जाऊन आपटला. "खाल्लंस? सांग, खाल्लंस का?"

लेक घाबरून रडायला लागली. "नाही! भाजत होतं!"

"अजून कुणाला दिलंस, ताई?"

आत्याने खाली बोट दाखवलं. तो अनवाणीच जिना उतरला, मागून आत्या. मला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. काकूंचं दार धाडधाड वाजलं.

"काकू, कटलेट खाल्लंत?"

काकू चाचरत म्हणाल्या, "नाही रे. म्हणजे... टाकलं मी. रागावू नकोस. ताई तापातून उठल्यापासून त्यांच्याकडून आलेलं सगळंच टाकते आहे. खाववत नाही. पण ताईंना सांगू नकोस हं, वाईट वाटेल त्यांना."

आत्या त्याच्या मागेच उभी होती.

ती वर आली, माझ्याजवळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला वास येत नाही. तापापासून. काहीसुद्धा नाही."

मग वहिनी तरातरा आली आणि माझ्यातला एकेक डबा काढून हुंगायला लागली. "शी! हे कधीचं? आणि हे? अगं बाई गं, याला केस आलेत!" सगळं बादलीत रिकामं झालं. शेवटी तिने माझ्या रिकाम्या पोटात डोकं घालून वास घेतला. "म्हणजे फ्रिजचा नव्हताच वास," ती म्हणाली. माझ्या अब्रूचा निकाल माझ्या बाजूने लागला, तरी मला आनंद झाला नाही. आत्याचा चेहरा बघवत नव्हता.

वहिनी तिच्यावर उखडली. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम शिळं घालता आम्हाला! किती बोलले मी मनातल्या मनात. एकदा तोंड उघडायचं ना, ताई!"

"उघडलं असतं, तर तू मला इथे ठेवलं असतंस?"

वहिनीने खोटं उत्तर दिलं नाही. तिने बादली दाराबाहेर सरकवली. मग म्हणाली, "तुमचं नाक गेलंय, डोकं जागेवर आहे. आमची नाकं तशी रिकामीच असतात, नको तिथे खुपसायला. ती वापरा."

तेव्हापासून खळीचा डबा दुकानात गेला. बाइंडरने तिथे खळीसाठी बर्फाची छोटी पेटी घेतलीय. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. अजून आलेला नाही. संध्याकाळी आत्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहते आणि लेक डबे हुंगते. जेवताना मुरडायचं नाक आता कामाला लागलंय. ती "आहे अजून" म्हणाली की काय करायचं ते आत्या ठरवते. काकू आपले डबे घेऊन वर येतात आणि आत्या आधी त्यांनाच दरडावते, "तू हुंग. आणि खरं सांग. मागच्यासारखं नको."

परवा आत्या स्टुलावर बसून भाजी निवडत होती. निवडता निवडता उसासा टाकून म्हणाली, "या घरात उरलेली म्हणजे आता मीच." वहिनी हातातलं काम ठेवून आली, वाकली आणि आत्याच्या मानेजवळ नाक नेऊन चांगला लांब वास घेतला. कपाळाला आठ्या घातल्या. आत्याला वाट बघायला लावली.

"आहे अजून," ती म्हणाली.

आत्या इतकी हसली की मांडीवरची भाजी सांडली.

तर मित्रांनो, अन्न झाकून ठेवा, वेळेत खा, खाण्याच्या डब्यात विष ठेवू नका. पण माझं मुख्य मागणं वेगळं आहे. कुणाच्या हातचं नासलेलं लागलं, तर त्याला जवळ बसून सांगा. मी आंबलेली उसळ पाहिली आहे, केस आलेली वाटी पोटात वागवली आहे. पण वाईट वाटेल म्हणून गप्प बसून माणसाचं अन्न मागच्या मागे टाकत राहणं, याच्याइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

आणि दारातली ती अर्धी काकडी कुणाची आहे, तीही तेवढी काढा. कालपासून आहे. शी!